क्लबहाउसचे नूतनीकरण: तोडफोडीआधी एक दिवस तालीम
क्लबहाउस नूतनीकरणासाठी बंद झाले की पर्यायी व्यवस्थेतल्या त्रुटी नेमक्या गर्दीच्या दिवशी उघड्या पडतात आणि तोवर जुने स्वयंपाकघर तोडलेले असते. म्हणून जुनी इमारत शाबूत असतानाच तिला एक दिवस कुलूप लावावे आणि नोंदणी, कपडे बदलण्याची सोय, जेवण, बिले हे सारे तात्पुरत्या जागेतून चालवून पाहावे. त्या दिवशी कुलूप उघडून जी जी वस्तू आणावी लागेल, ती वहीत टिपावी. बिलाच्या कागदाचे रोल, प्रथमोपचार पेटी, लॉकरच्या जादा किल्ल्या अशा वस्तू त्यात हमखास निघतात आणि सामान हलवण्याची खरी यादी तीच असते. स्वयंपाकघरातील सर्व उपकरणे एकाच वेळी चालवून विजेचा भारही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावा. मात्र अग्निशामक साधने आणि बाहेर पडण्याच्या मोकळ्या वाटा यांची सोय तालमीपूर्वीच झालेली असावी.