ढोलाच्या पानासाठी बकऱ्याचं कातडं: केस कधी काढावेत

शिमग्याला ढोल मढवायचा, म्हणजे त्याच्या तोंडावर कातड्याचं पान ताणायचं, तर कातड्याचं काम माघातच उरकावं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत कातडं वाळत नाही, कुजतं. ताजं कातडं घ्या, आतलं मांस-चरबी खरवडा, धुवा.

प्लास्टिकच्या पिंपात 40 लिटर पाण्याला 2 किलो विरलेला चुना घाला. ॲल्युमिनियमचं भांडं नको, चुना ते खातो. कळीचा चुना आदल्या दिवशीच पाण्यात विरवून ठेवा. विरताना तो उकळतो आणि डोळ्यात उडाला तर नजर जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. चुना पाण्यात लिटरला 2 ग्रॅमसुद्धा विरघळत नाही, बाकीचा तळाशी बसतो. कातडं त्यात बुडवून ठेवा. दिवसातून तीनदा ढवळा, कातडं उलटंपालटं करा. घडी राहिली की तिथले केस सुटत नाहीत.

आता किती दिवस ठेवायचं? माझं पहिलं कातडं इथेच गेलं. "जितकं जास्त भिजेल तितकं बरं" असं ऐकून मी ते दहा दिवस ठेवलं. केस हाताने पुसावेत तसे निघाले, मी खूश. ढोलाच्या कड्यावर ताणताना पोटाकडची बाजू ओल्या कागदासारखी फाटली, पालखी चार दिवसांवर आलेली असताना. चुना आधी केसाची मुळं सैल करतो, मग कातड्याचं बळच खातो. दुसऱ्या वेळी घाबरून दोन दिवसांतच बाहेर काढलं, जोर लावून खरवडलं, तर वरचा पापुद्राच ओरखडला.

म्हणून दिवस मोजू नका, केस तपासा. आपल्या उकाड्यात तिसऱ्या दिवसापासून रोज बघावं. पोटाचे केस लवकर सुटतात, त्यांच्यावर जाऊ नका. मानेवरची आणि पाठीच्या कण्यावरची चिमूट ओढा. न खेचता, मुळाच्या पांढऱ्या टोकासकट आली तर त्याच दिवशी काढायला घ्या. कातडंही तोवर फुगून निळसर पांढरं दिसतं. वस्तऱ्याने भादरू नका, मुळं आतच राहतात. गरम पाणी तर मुळीच नको, कातडं आक्रसून गोळा होतं.

ओंडक्यावर जाड पाइप ठेवून त्यावर कातडं पसरा, आणि धार नसलेल्या कोयत्याने मानेकडून शेपटीकडे ढकलत जा. केस गेल्यावर करडा, बुळबुळीत थर उरतो, त्यात काळे ठिपके असतात. तोही दाबून काढा. घाई करणारे इथेच थांबतात आणि पान डागाळलेलं राहतं.

पाणी बदलत एक दिवस-रात्र धुवा. चुन्याचं पाणी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, ओतू नका, मासे मरतात. विहिरीपासून लांब खड्ड्यात जिरवा. मग चौकटीवर ताणून पडवीत, वाऱ्याला, सावलीत वाळवा. उन्हात वरून कडक होतं आणि आत ओल राहते. मढवायच्या आदल्या रात्री साध्या पाण्यात भिजत घाला.