घरात रांगतं बाळ आहे? या चुका टाळा

बाळ गुडघ्यावर आलं की घरात पहिलं पार्सल येतं ते टेबलाच्या कोपऱ्यांना लावायच्या रबरी टोप्यांचं. लावा, हरकत नाही. पण टेबलाच्या कोपऱ्याने बहुतेक वेळा टेंगूळच येतं. जिवावर बेततं ते भरलेली बादली, आजोबांच्या उशाजवळच्या गोळ्या, देव्हाऱ्यातला कापूर यांनी. या गोष्टींसाठी विकत आणण्यासारखं काही नसतं, म्हणून त्या कुणाच्या यादीतच येत नाहीत.

भरलेली बादली उघडी ठेवणं

नळाला पाणी ठरलेल्या वेळी येणार, म्हणून बाथरूममध्ये बादल्या आणि मोरीत टब दिवसभर भरलेला. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. ते काठ धरून उभं राहतं, पाण्यात हात घालायला वाकतं आणि तोल गेला की डोकं खाली, पाय वर. स्वतःला उचलून घेण्याइतकी ताकद हातांत नसते आणि जड बादली कलंडतही नाही. बुडायला चार बोटं पाणी पुरतं. आणि मूल ओरडत नाही. ‘काही झालं तर आवाज येईल की’ हा भरवसा इथे फसवा आहे.

साठवायचं पाणी घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा. बादल्या वापर झाला की रिकाम्या करून पालथ्या घाला. कपडे भिजवायचे तर टब ओट्यावर किंवा दाराआड. बाथरूमला बाहेरून उंचावर कडी लावून घ्या, आणि पाहुणे आले की त्यांनाही सांगा, कारण कडी उघडी राहते ती हमखास त्याच दिवशी.

याची उलटी अडचणही येते: दीड-दोन वर्षांचं मूल आत जाऊन स्वतःच कडी लावून घेतं आणि मग काढता येत नाही. आतली खालची कडी काढून वर बसवा. ते होईपर्यंत दाराच्या वरच्या कडेवर जाड टॉवेल टाकून ठेवा, म्हणजे दार पूर्ण मिटणारच नाही. लॅचची जादा किल्ली घराबाहेर शेजाऱ्यांकडे असू द्या.

आधी गरम पाणी ओतणं

आंघोळीच्या बादलीत आधी गार, मग गरम. क्रम एवढाच, पण घरातल्या प्रत्येकाने पाळायला हवा. 60 अंशांचं पाणी मुलाची कातडी काही सेकंदांत भाजतं; गीझर 50 च्या आसपास ठेवला तरी आंघोळीला पुरतो. पाणी तापवायचा रॉड लावलेली बादली मूल फिरतं त्या खोलीत नकोच. आणि मांडीवर बाळ, हातात चहा हे चित्र कितीही घरगुती वाटलं तरी बंद करा.

भाजलंच तर साध्या नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतलं काहीही लावू नका.

औषधं फक्त ‘आपली’ लपवणं

आईबाबा आपली औषधं वर ठेवतात. आजी-आजोबांचा डबा मात्र उशाशी, मावशीची पर्स सोफ्यावर. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात की एका गोळीनेही लहान मुलाची साखर धोकादायक खाली जाते, तीही कधीकधी काही तासांनी. बाळंतिणीला दिलेल्या लोहाच्या गोळ्या लाल, गुळगुळीत आणि अगदी जेम्ससारख्या दिसतात. मूठभर पोटात गेल्या तर जिवाला धोका. औषध पाजताना ‘चॉकलेट आहे’ म्हणणं तर आजच सोडा.

कापराचंही तसंच. पांढऱ्या वड्या मुलाला खडीसाखरेसारख्या वाटतात आणि पोटात गेल्यावर काही मिनिटांत फिट येऊ शकते. देव्हारा जमिनीलगत असेल तर कापूर, काडेपेटी आणि समईचं तेल वरच्या फळीवर हलवा. देव रागावणार नाहीत. कपाटातल्या डांबरगोळ्याही त्याच रांगेतल्या.

दारावर सुटं फिनेल घेऊन ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरायची सवय आपल्याकडे जुनी आहे. मुलाला बाटली ओळखता येते, आतला पदार्थ नाही. फिनेल, रॉकेल, टर्पेंटाइन किंवा संडास धुवायचं अ‍ॅसिड प्यायलं गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका: अ‍ॅसिड वर येताना पुन्हा भाजतं आणि रॉकेल फुप्फुसांत शिरतं.

ओट्याखालच्या कपाटाला चिकटवलेलं चाइल्ड लॉक चार दिवसांत निघतं, ही नेहमीची तक्रार. सनमायकावर फोडणीचा तेलकट थर असतो. स्पिरिटने पुसून, कोरडं करून लावा आणि दिवसभर ओढू नका. तरी अ‍ॅसिडची बाटली वरच्या कपाटातच जाऊ द्या.

वॉकर

‘लवकर चालेल’ म्हणून हौसेने भेट दिला जातो. त्याने चालणं लवकर येत नाही. उलट बाळाला वेग येतो, उंची येते, आणि ते पायऱ्यांपर्यंत किंवा ओट्यावरून लोंबणाऱ्या वायरपर्यंत पोचतं. कॅनडाने 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. भेट आलाच तर चाकं काढा, नाहीतर माळ्यावर टाका.

खिडकीबद्दल थोडक्यात: डासांची जाळी मुलाचं वजन पेलत नाही, आणि आडव्या गजांचं ग्रिल म्हणजे शिडीच. पलंग, सोफा, मोढा खिडकीपासून दूर सरकवा.

‘केळं खाऊ घाला, पडेल’

गिळलेल्या नाण्याच्या बाबतीत हा सल्ला कधीकधी चालून जातो, बटण सेलच्या बाबतीत अजिबात नाही. रिमोट, खेळणी, वजनकाटा यांतला चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी एक्स-रे असलेल्या रुग्णालयात जा. सेलचं झाकण स्क्रूचं नसेल तर चिकटपट्टीने बंद करा.

शेंगदाणे आणि फुटाणे चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे देऊ नका, कूट करून द्या. द्राक्षं उभी चिरा. वर्षाच्या आतल्या बाळाला ठसका लागून आवाजच बंद झाला तर त्याला हातावर पालथं, डोकं खाली धरा, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने 5 थापा द्या, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने 5 दाब द्या. घास बाहेर येईपर्यंत आलटून पालटून हेच करा. दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, घास आणखी आत जातो.

रुग्णवाहिकेसाठी 108. विषबाधेच्या सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधलं केंद्र 1800 116 117 या नंबरवर फोन घेतं. दोन्ही नंबर फ्रिजवर लिहून ठेवा, मूल सांभाळायला येणाऱ्या ताईंनाही दिसतील असे. रुग्णालयात जाताना ती बाटली किंवा गोळ्यांची स्ट्रिप बरोबर घ्या, आणि किती गोळ्या कमी आहेत ते रिक्षातच मोजा.