चाळीस पानांसाठी पोर्क स्मोक करताय? या चुका टाळा

एक शोल्डर, म्हणजे डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा, छान जमला म्हणून चार शोल्डर एकदम जमतीलच असं नाही. मसाला तोच, लाकूड तेच, तरीही रात्री आठ वाजता पाहुणे ताटं घेऊन उभे आणि मांस 74 अंशांवर अडकून बसलेलं, हा प्रकार मोठ्या घाण्यातच होतो. गडबड होते ती हिशोबात: वजनाच्या, वेळेच्या आणि आगीच्या. खालचे सगळे आकडे सेल्सिअसमध्ये आहेत.

कच्च्या वजनावर माणसं मोजणं

शोल्डर शिजला, हाड निघालं, चरबी वितळली, पाणी उडालं की हातात उरतं ते कच्च्या वजनाच्या निम्मं. नशीब चांगलं असेल तर 60 टक्के. खरेदी करताना निम्मंच धरा. पावात घालून देणार असाल तर माणशी शिजलेलं 150 ग्रॅम आणि ताटात नुसतं वाढणार असाल तर 200 ग्रॅम पुरतं. चाळीस माणसांना सरासरी 170 ग्रॅम धरलं तर 6.8 किलो शिजलेलं, म्हणजे कच्चं जवळपास 14 किलो. साडेतीन-साडेतीन किलोचे चार शोल्डर.

शोल्डरच का? त्यात चरबी आणि कोलॅजन भरपूर असतं. तासन्‌तास मंद आचेवर ते कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि मांस हाताने सुटं होतं. दिसायला देखणा म्हणून पाठीवरचा लॉइन घेतला तर त्यात विरघळायला काहीच नसतं. तो आतलं तापमान 63 अंश झालं की उतरवून, 3 मिनिटं थांबून, कापून वाढायचा तुकडा आहे. शोल्डरसारखा 95 अंशांपर्यंत नेला तर चोथा होतो.

अर्धवट गोठलेलं मांस चढवणं

फ्रिजमध्ये बर्फ सुटायला दर 2 ते 2.5 किलोला एक दिवस लागतो. साडेतीन किलोच्या तुकड्याला दोन दिवस, आणि चार तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवले असतील तर आणखी अर्धा दिवस. ओट्यावर रात्रभर ठेवून बर्फ काढू नका. बाहेरचा थर कोमट होऊन बसतो आणि आत बर्फ तसाच.

वेळ पुढून मोजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ‘सकाळी सातला चढवू, संध्याकाळपर्यंत होईल’ हा अंदाज झाला, वेळापत्रक नव्हे. जेवणाच्या वेळेपासून मागे मोजत या. जेवण रात्री 8 वाजता असेल तर मांस दुपारी 4 वाजता तयार हवं. स्मोकर, म्हणजे मांस धुरावर मंद शिजवायची झाकणाची भट्टी, 120 अंशांवर ठेवली तर साडेतीन किलोच्या शोल्डरला 10 ते 12 तास लागतात, 107 ते 110 वर 12 ते 16. म्हणजे 120 ची आच धरली तर पहाटे 4 वाजता मांस जाळीवर आणि 3 वाजता आग पेटलेली. चार तास आधी उरकणं जास्त वाटतं, पण झाकून गरम ठेवलेला शोल्डर चार तास मजेत राहतो. उशीर झालेल्या शोल्डरला मात्र घाई करता येत नाही.

पहाटे उठायचं नसेल तर प्रत्येक शोल्डर अर्धा करा. वेळ ठरते ती एकूण वजनावर नाही, तुकड्याच्या जाडीवर. पावणेदोन किलोचे तुकडे साधारण 7 ते 8 तासांत होतात आणि पृष्ठभाग वाढल्यामुळे बाहेरची काळी खरपूस पापडी, जिला बार्क म्हणतात, तीही जास्त मिळते. पार्टीसाठी आम्ही हाच सल्ला देऊ. अख्खा शोल्डर फोटोत शोभतो, पण सुटा करून वाढल्यावर फरक कोणाला कळणार?

मध्येच एक टप्पा येतो. आतलं तापमान 65 ते 75 अंशांच्या दरम्यान कुठेतरी अडकतं आणि कधी तीन-चार तास हलत नाही. मांसातलं पाणी पृष्ठभागावरून उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. आगीने दिलेली उष्णता अशी खर्ची पडते. थर्मामीटर बिघडलाय असं समजून लोक इथेच आग भडकवतात किंवा मांस कच्चंच उतरवतात. उपाय सोपा आहे: 72 अंशांच्या आसपास, बार्क गडद होऊन नखाने खरवडली तरी निघत नाही अशी बसली की प्रत्येक तुकडा दुहेरी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा. बाष्पीभवन थांबतं आणि आकडा पुन्हा चढू लागतो. बार्क थोडी मऊ पडते, ते सोसावं लागतं. बुचर पेपर (मांस गुंडाळायचा जाड कागद) वापरला तर कमी मऊ पडते, पण वेळही कमी वाचतो.

जाळी खचाखच भरणं

चार थंड तुकडे एकदम आत गेले की स्मोकरचं तापमान 20–30 अंशांनी पडतं आणि पूर्ववत व्हायला वेळ लागतो. म्हणून आधी रिकामा स्मोकर ठरवलेल्या आचेवर निदान अर्धा तास स्थिर ठेवा. दोन तुकड्यांत चार बोटांचं अंतर हवं. एकमेकांना टेकलेल्या बाजूंना ना धूर लागत ना बार्क येत, आणि दोन तुकडे मिळून एक जाड तुकडा झाल्यासारखे शिजतात. वरच्या आणि खालच्या जाळीत फरक असतो, आगीकडची बाजू तर नेहमीच जास्त तापते. गुंडाळताना तुकड्यांच्या जागा बदलून घ्या, झाकण तेव्हा उघडणारच असतं. एरवी उगाच उघडून बघू नका, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं वाढतात.

चौदा किलो शोल्डरमधून वितळणारी चरबीही थोडीथोडकी नसते. खाली पाणी घातलेली परात ठेवा आणि ती भरत आली की वेळेवर रिकामी करा. चरबी निखाऱ्यांवर सांडली तर भडका उडतो आणि काजळी थेट मांसावर बसते.

पांढऱ्या दाट धुरावर खूश होणं

भरपूर धूर म्हणजे भरपूर चव, हा समज मोडला पाहिजे. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाहीये. त्यातले कडू, चिकट पदार्थ मांसावर बसतात आणि जिभेला बधिर करणारी चव येते. हवा तो पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर. त्यासाठी वरचा झरोका पूर्ण उघडा ठेवा आणि आच फक्त खालच्या झरोक्याने कमी-जास्त करा. वरचा झरोका बंद करून तापमान उतरवणं म्हणजे शिळा धूर आत कोंडणं.

लाकूड कडक आणि वाळलेलं हवं: ओक, हिकरी, सफरचंद, चेरी. चीड, देवदार अशी राळ असलेली लाकडं, रंगवलेल्या फळ्या आणि प्लायवूड अजिबात नको. चिप्स भिजवण्याचा काहीच फायदा नाही. पाणी फार आत शिरत नाही, आणि जे शिरतं ते वाफ होऊन जाईपर्यंत लाकूड नीट पेटत नाही. कोळशाचा स्मोकर असेल तर बहुतेक कोळसा न पेटवताच भरा, मध्ये लाकडाच्या मुठीएवढ्या चार-पाच ढलप्या खोचा आणि वरून दहा-बारा पेटलेले निखारे ठेवा. आग हळूहळू खाली सरकते आणि कित्येक तास एकसारखी चालते. राखेने खालचा झरोका बुजतो, मधूनमधून ती ढवळून पाडा. पेटवायला रॉकेल किंवा लायटर फ्लुइड नको, त्याचा वास मांसात उतरतो.

स्मोकर गॅरेजमध्ये किंवा बंद व्हरांड्यात लावू नका, पाऊस असला तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

झाकणावरच्या काट्यावर विसंबणं

झाकणावरचा काटा झाकणाचं तापमान सांगतो. जाळीवर ते 15–20 अंशांनी वेगळं असू शकतं. एक प्रोब (थर्मामीटरची सुई) जाळीवर, मांसापासून दोन-तीन इंच लांब ठेवा आणि दुसरा सगळ्यात जाड तुकड्याच्या मध्यात, हाडाला न टेकवता. थर्मामीटर आदल्या दिवशी बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा, 0 दाखवायला हवा. शेवटी मात्र आकड्यापेक्षा हात खरा: 93 ते 96 अंशांच्या दरम्यान प्रोब लोण्यात सुरी जावी तसा शिरला आणि हाड धरून फिरवल्यावर सुटं झालं, तर झालं. चारही तुकडे एकाच वेळी होणार नाहीत, जो होईल तो उतरवा.

आत गुलाबी कडा दिसली म्हणून कच्चं समजू नका. धुरातल्या वायूंमुळे मांसातलं रंगद्रव्य गुलाबी राहतं, ती स्मोकचीच खूण आहे.

उतरवून तसंच ठेवणं

उतरवलेला तुकडा फॉइलची घडी उघडून दहा मिनिटं वाफ जाऊ द्या म्हणजे पुढचं शिजणं थांबतं. मग पुन्हा गुंडाळून आइसबॉक्समध्ये ठेवा. आइसबॉक्समध्ये आधी अर्धा तास गरम पाणी भरून ठेवून ओता, मग खाली-वर जुने जाड टॉवेल घाला. भरलेल्या बॉक्समध्ये तीन-चार तास सहज निघतात, पण एका तुकड्यात प्रोब राहू द्या. तापमान 60 च्या खाली जाऊ द्यायचं नाही. 5 ते 60 अंशांच्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, त्यामुळे वाढायला काढलेलं मांसही बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास.

सुटं करायचं ते वाढण्याच्या अर्धा तास आधी. लवकर केलं तर कोरडं पडतं. फॉइलमधला रस टाकू नका. भांड्यात ओता, वर आलेली चरबी काढा आणि उरलेला रस मांसात परत कालवा. मीठ मोजून: आदल्या रात्री चोळताना कच्च्या वजनाच्या 1 टक्का, म्हणजे 14 किलोला 140 ग्रॅम. चमच्याने मोजू नका, बारीक आणि जाड मिठाचा चमचा सारखा भरत नाही. उरलेली कसर रस कालवताना भरून काढा.

बिघडलंच तर

*उशीर होतोय.* फॉइलमध्ये गुंडाळा आणि 140–150 अंशांच्या ओव्हनमध्ये टाका. गुंडाळल्यावर धूर लागतच नाही, त्यामुळे चवीचं नुकसान शून्य.

*मांस चिवट लागतंय.* बहुतेक वेळा ते जास्त नाही, कमी शिजलेलं असतं. पुन्हा गुंडाळून तासभर द्या.

*कोरडं झालंय.* गरम स्टॉक आणि फॉइलमधला रस घाला. वरून 250 मिली सफरचंदाचं व्हिनेगर, मोठा चमचाभर ब्राऊन शुगर, छोटा चमचा मीठ आणि चिली फ्लेक्स ढवळून थोडं शिंपडा.

*कडू झालंय.* बाहेरची बार्क सोलून फेका, आतलं बहुधा वाचतं. सॉस ओतून कडवटपणा झाकला जात नाही.

*रात्रीत आग विझली.* आतलं तापमान अजून 60 च्या वर असेल तर पुन्हा पेटवा आणि पुढे चला. खाली गेलं असेल आणि किती वेळ तसं होतं ते कळत नसेल तर तो तुकडा फेकायचा. पुन्हा तापवून जिवाणू मरतात, पण त्यातल्या काहींनी तोवर तयार केलेलं विष उष्णतेने जात नाही.

*पार्टीच्या दिवशी एवढा व्याप नकोच.* आदल्या दिवशी करा. सुटं केलेलं मांस दोन इंचांपेक्षा उथळ ट्रेमध्ये पसरा, दोन तासांत 21 अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत 5 अंशांपर्यंत उतरवा. रस वेगळा ठेवा. दुसऱ्या दिवशी रस घालून, झाकून, 150 अंशांच्या ओव्हनमध्ये 74 अंशांपर्यंत तापवा. उरलेलं फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या करून, चपट्या दाबून, फ्रीझरमध्ये टाका.