घरात विडी ओढणारं माणूस आणि वयात येणारी पोरं

मी सोलापुरात आशाताई आहे. इथे घरोघरी बायका विड्या वळतात, अन् ओढणारंही कुणी ना कुणी घरात असतंच. "पोरगं आता मोठं झालंय, त्याला काय होतंय?" असं आयाच मला विचारतात. होतं, बाई. फुप्फुसं विशीपर्यंत वाढत असतात. त्या वयात रोज धूर छातीत गेला तर वाढ कमी पडते. आमच्या गल्लीतली एक मुलगी पोलीस भरतीसाठी ८०० मीटर पळते. घरी आजोबांची विडी आणि हिला रात्री कोरडा खोकला.

पहिलं काम जागेचं. खिडकीत, मोरीत, संडासात ओढणं म्हणजे घरातच ओढणं. पंखा धूर घरभर फिरवतो, उदबत्तीने धुरात भरच पडते. उंबऱ्याबाहेर, दार ओढून, खिडकीपासून लांब बसायचं. पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसाला भिजत बसवू नका, बाहेर पत्र्याखाली खुर्ची टाकून द्या. आत येताना हात-तोंड धुवायचं, सदरा बाहेरच्या दोरीवर. पोरांच्या गोधड्या धुऊन उन्हात घाला, धूर कापडात मुरतो. मिश्रीसुद्धा चुलीवर घरात भाजू नका. तो ठसका तंबाखूचाच.

२००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे, पण घराचा नियम आपणच करायचा. तो सुनेने पाहुण्यांसमोर सांगितला तर आजोबा हट्टाला पेटतात. सकाळी चहा झाल्यावर नातीलाच बोलू द्या: "आजोबा, माझ्या पळण्यासाठी एवढं अंगणात ओढा." सोडा म्हणायची घाई नको, आधी बाहेर.

रात्रीचा खोकला, छातीत शिट्टी, जिन्यावर धाप लागणं असेल तर थांबू नका. सरकारी दवाखान्यात स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसं किती चालतात ते मोजायची तपासणी, कुठे होते ते विचारा. नळीत जोरात फुंकायचं, दुखत नाही. श्वासातून औषध ओढायचा पंप दिला तर त्याची सवय लागेल या भीतीने तो दडवू नका. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, लावून कसा घ्यायचा ते डॉक्टरांसमोरच करून बघा.

आजोबा सोडायला तयार झाले की तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी नंबर १८००-११-२३५६ लावून द्या, फोन फुकट आहे. पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप उडेल. तेवढ्या दिवसांत घरात कुणी वाद काढू नका, आणि तल्लफ आली की हातावर बडीशेप ठेवा.