१९०५ ते १९१९ : जगाच्या इतिहासावर लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षांचे सराव निबंध, शाळांची भित्तिपत्रके आणि छोट्या संस्थांच्या स्मरणिका छपाईपूर्वी वाचून देण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करत आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांवरील मजकूर हाती आला की त्यात कोणत्या चुका सापडतील, याचा अंदाज आता आधीच बांधता येतो. या चुकांचे मूळ बहुधा एकच असते : लेखक तयार टिपणातून तारीख उचलतो, पण त्या तारखेच्या मागच्या आणि पुढच्या आठवड्यात काय घडले, हे पाहत नाही.

सर्वांत मोठा गोंधळ रशियन क्रांतीच्या तारखांत होतो. १९१८ च्या जानेवारीअखेरपर्यंत रशियात ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि विसाव्या शतकात ती आपल्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेच्या १३ दिवस मागे होती. तेव्हाची रशियन राजधानी पेट्रोग्राड येथील कापडगिरण्यांतल्या कामगार स्त्रिया भाकरीची मागणी करत रस्त्यावर उतरल्या, तो दिवस रशियात २३ फेब्रुवारी १९१७ होता; लंडन-पॅरिसमध्ये त्याच दिवशी ८ मार्च होता. झार निकोलस दुसरा याने प्स्कोव्ह येथे पदत्याग केला तो जुन्या गणनेने २ मार्चला, नव्या गणनेने १५ मार्चला. लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने सत्ता घेतली ती २५ ऑक्टोबरला, म्हणजे ७ नोव्हेंबरला.

या फरकाकडे दुर्लक्ष केले की काय होते, याचे एक उदाहरण मी विसरू शकत नाही. एका संस्थेने इतिहास प्रदर्शनासाठी रशियन क्रांतीचा भिंतभर लांबीचा कालपट तयार केला होता आणि छपाईच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे वाचायला आला. त्यावर वरच्या ओळीत ‘२ मार्च १९१७ : झारचा पदत्याग’ असे होते आणि त्याच्या खालच्या ओळीत ‘८ मार्च १९१७ : क्रांतीला प्रारंभ’ असे होते. क्रांती सुरू होण्यापूर्वीच झार सिंहासन सोडून गेला होता! पहिली तारीख एका पुस्तकातून आली होती, दुसरी एका संकेतस्थळावरून. संगणकाने दोन्ही चढत्या क्रमाने लावल्या होत्या आणि सुटी पाहिली तर प्रत्येक तारीख बरोबरच होती. मी चूक दाखवल्यावर वेळ वाचवण्यासाठी पदत्यागाची नोंदच गाळून टाकू, असे मला सुचवण्यात आले. ज्या घटनेने तीनशे वर्षांची रोमानोव्ह राजवट संपली, ती सोयीसाठी गाळायची, ही कल्पना मला आजही सहन होत नाही. अखेर त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि छपाई पुढे ढकलली.

तेव्हापासून मी रशियाविषयीच्या प्रत्येक तारखेसमोर समासात ‘जुनी’ किंवा ‘नवी’ असे पेन्सिलीने लिहितो, आणि दोन्हींपैकी काय ते कळेपर्यंत ती तारीख पुढे जाऊ देत नाही. डोळे झाकून १३ मिळवण्याचा उपायही धोक्याचा आहे. एकोणिसाव्या शतकात हा फरक १२ दिवसांचा होता. म्हणूनच लेनिनचा जन्म १० एप्रिल १८७० चा, नव्या गणनेने २२ एप्रिलचा. शिवाय रशियात ३१ जानेवारी १९१८ नंतरचा दिवस थेट १४ फेब्रुवारी होता. त्यामुळे रशियाने जर्मनीशी केलेला ३ मार्च १९१८ चा ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह नव्याच गणनेत आहे आणि त्यात काहीही मिळवायचे नसते.

याच विषयाला चिकटलेली दुसरी चूक म्हणजे ‘लेनिनने झारला पदच्युत केले’ हे वाक्य. झार गेला तेव्हा लेनिन झुरिचमध्ये होता. तो पेट्रोग्राडला पोहोचला तो नव्या गणनेने १६ एप्रिलला. ऑक्टोबरमध्ये बोल्शेविकांनी उलथवले ते झारनंतर आलेले, केरेन्स्कीचे हंगामी सरकार. आणि त्या वर्षी शहराचे नाव सेंट पीटर्सबर्ग नव्हते, लेनिनग्राडही नव्हते; ते पेट्रोग्राड होते.

‘सारायेव्होत गोळी सुटली आणि महायुद्ध पेटले’ हे वाक्य मला दर पाचव्या निबंधात भेटते. ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांची बोस्नियातील सारायेव्होत हत्या २८ जून १९१४ ला झाली. ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला तो २३ जुलैला आणि युद्ध पुकारले ते २८ जुलैला. मधल्या महिन्यातच तर खरा इतिहास आहे. ५ आणि ६ जुलैला जर्मनीने व्हिएन्नाला पाठिंब्याचे आश्वासन दिले, हंगेरीच्या पंतप्रधान टिसाने काही काळ युद्धाला विरोध केला, आणि फ्रान्सचे अध्यक्ष पोआंकारे रशियाच्या भेटीवरून निघेपर्यंत खलिता मुद्दाम थांबवून ठेवण्यात आला. हा महिना वगळला की कोणत्या राजधानीत कोणी कोणता निर्णय घेतला, हा प्रश्नच उरत नाही आणि सगळी जबाबदारी गोळी झाडणाऱ्या १९ वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपवर येऊन पडते. प्रिन्सिप त्या क्षणी सँडविच खात होता, ही गोष्ट तर लिहूच नये. तिला समकालीन पुरावा नाही. पाच मिनिटांत महायुद्ध समजावणाऱ्या चित्रफिती पाहून लिहायला बसणाऱ्यांना मी एकच काम देतो : २८ जून ते ४ ऑगस्ट या प्रत्येक दिवसासाठी कागदावर एक रकाना आखा, तो भरा आणि मगच पहिले वाक्य लिहा. बहुतेकांना हे काम कंटाळवाणे वाटते. जे ते पूर्ण करतात, त्यांचा निबंध मात्र वेगळा ओळखू येतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. रशिया-जपान युद्ध संपवणारा १९०५ चा पोर्ट्समथचा तह इंग्लंडमध्ये झाला नाही, तो अमेरिकेत झाला. चीनमध्ये १० ऑक्टोबर १९११ ला राजेशाहीविरुद्ध वुचांगचा उठाव झाला तेव्हा क्रांतिकारकांचे नेते सुन यत्-सेन अमेरिकेत होते; तो उठाव त्यांनी केला, असे लिहू नये. ‘लुसिटानिया’ ही प्रवासी बोट जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली ती ७ मे १९१५ ला आणि अमेरिका युद्धात उतरली ती ६ एप्रिल १९१७ ला. या दोन घटना एकाच वाक्यात ‘त्यामुळे’ने जोडू नयेत. १९१८ च्या फ्लूचा उगम स्पेनमध्ये झाला, असेही लिहू नये. महायुद्ध म्हणजे केवळ फ्रान्समधील खंदक, असे चित्र मराठी लेखकाने तर मुळीच रंगवू नये. मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कुट येथे २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांना शरण गेलेल्या ब्रिटिश-भारतीय फौजेत मराठा पलटणींचे सैनिक होते.

शेवटची चूक युद्धसमाप्तीची. ११ नोव्हेंबर १९१८ ला पश्चिम आघाडीवर शस्त्रसंधी झाली. जर्मनीबरोबरचा व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला झाला आणि तो १० जानेवारी १९२० पासून अमलात आला. महाराष्ट्रातील अनेक गावांत, त्या गावातून किती माणसे महायुद्धावर गेली हे सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या आहेत आणि त्यांवर ‘१९१४–१९१९’ असे कोरलेले आढळते. स्थानिक इतिहास लिहिणारे उत्साही तरुण ती चूक समजून आपल्या लेखात ‘१९१४–१९१८’ अशी दुरुस्ती करतात. पाटीवरचा मजकूर आहे तसाच उतरवावा, आणि आपल्या वाक्यात वर्ष लिहिताना ते शस्त्रसंधीचे आहे की तहाचे, हे तिथेच स्पष्ट करावे.