जुन्या राऊटरचा क्लायंट ब्रिज

फोंडा, डिचोलीकडच्या जुन्या घरांत जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंतींतून केबल ओढणे जिकिरीचे असते. अशा वेळी मागच्या खोलीतील संगणकांसाठी जुना राऊटर क्लायंट ब्रिज म्हणून वापरावा. तो मुख्य राऊटरचे वायफाय पकडतो आणि केबलने जोडलेल्या संगणकांना त्याच नेटवर्कात आणतो.

राऊटरमध्ये ही सोय नसल्यास डीडी-डब्ल्यूआरटी हे फर्मवेअर (राऊटर चालवणारे अंगभूत सॉफ्टवेअर) घालता येते, मात्र मॉडेल आणि त्याची हार्डवेअर आवृत्ती तंतोतंत जुळवूनच, कारण चुकीच्या फाइलने राऊटर कायमचा बंद पडू शकतो.

मुख्य राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्यावा, गेटवे (इंटरनेटकडे जाण्याचा मार्ग) म्हणून मुख्य राऊटरचाच पत्ता लिहावा आणि जुन्यावरचे डीएचसीपी (संगणकांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करावे. हे विसरल्यास दोन्ही राऊटर पत्ते वाटू लागतात आणि संगणकाचे इंटरनेट मध्येच तुटते. त्यानंतर वायरलेस मोड ‘क्लायंट ब्रिज’ करून मुख्य राऊटरच्या वायफायचेच नाव, सुरक्षा प्रकार आणि पासवर्ड अक्षरशः तसेच भरावेत. चिऱ्यांच्या भिंतींतून २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल ५ गिगाहर्ट्झपेक्षा बरा पोहोचतो, म्हणून तोच बँड निवडावा. संगणकाची केबल जुन्या राऊटरच्या लॅन पोर्टमध्येच (संगणक जोडण्याच्या) लावावी, वॅनमध्ये (इंटरनेटची तार जोडण्याच्या) नव्हे.