'खोल श्वास घे' म्हणण्याआधी

दसरा-दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातल्या गावांत ट्रक-ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी नवरा-बायकोची जोडी, भांडी-गोधड्या भरून कारखान्याकडे निघतात ते मार्च-एप्रिललाच परततात. काही पोरं बरोबर जातात, काही आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. एका वर्षी नेमकी त्याच दिवसांत शाळेत सामाजिक-भावनिक शिक्षणाची, म्हणजे मुलांना भावना ओळखायला-आवरायला आणि इतरांशी जुळवून घ्यायला शिकवण्याची पुस्तिका आली, सोबत सहा चेहऱ्यांचा तक्ता. परिपाठानंतर प्रत्येक मुलानं आजच्या आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं.

पाचवीतल्या एका मुलीनं सलग चार दिवस रागाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे मी तिला डोळे मिटून दहा श्वास मोजायला लावले. पाचव्या दिवशी तिनं हसऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवलं आणि पटकन जागेवर जाऊन बसली. मी वहीत 'प्रगती' असं लिहिलं. दुपारी खिचडीच्या रांगेत सहज विचारलं, तर म्हणाली, "हसऱ्यावर बोट ठेवलं की श्वास मोजावं लागत नाहीत, बाई."

तेव्हापासून अशी पुस्तिका हाती आली की मी आधी पेन्सिल घेऊन बसते. तुम्हीही बसा. प्रत्येक उपक्रमाच्या समासात एकच गोष्ट लिहा: यात कोणी बदलायचं आहे? मूल, बाई, शाळा, घर, गाव की सरकार? माझ्या पुस्तिकेत रागावरचे सगळे उपाय मुलानंच करायचे होते. श्वास मोज, पाणी पी, चित्र काढ. राग कशाचा, हे विचारायला एक ओळसुद्धा नव्हती. त्या मुलीला मी विचारलं तेव्हा कळलं की आजीच्या फोनचा रिचार्ज संपला होता आणि आईशी दहा दिवस बोलणं झालं नव्हतं. मग आठवड्यातून दोनदा मधल्या सुट्टीत माझ्या फोनवरून फडावर फोन लावायचा, असं ठरलं. पुढे आणखी चार मुलं त्या रांगेत आली.

समास भरून झाला की प्रशिक्षकाला विचारा, हे उपयोगी पडतं हे कशावरून? शंका घेतल्यासारखं वाटेल, पण विचारा. हे शिकवण्यात तथ्य नाही असं नाही. २०११ साली अशा २१३ कार्यक्रमांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात मुलांच्या वागण्यात आणि अभ्यासातही फायदा दिसला होता. पण २०२२ साली ब्रिटनमधल्या ११ ते १४ वयाच्या ८,०००हून जास्त मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, आणि सजगतेच्या (माइंडफुलनेस, म्हणजे श्वासाकडे, आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याच्या) तासिकांमुळे मानसिक आरोग्यात नेहमीच्या पद्धतीपेक्षा काही जास्त सुधारणा आढळली नाही. प्रशिक्षणात हमखास सांगतात ती मार्शमॅलोची गोष्टही तशीच. समोरची गोड वडी न खाता थांबणारं मूल पुढे यशस्वी होतं, असं म्हणतात. २०१८ साली अमेरिकेत ९००हून जास्त मुलांवर तो प्रयोग पुन्हा तपासला गेला. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध बराचसा विरून गेला. मला त्याचं नवल वाटलं नाही. ज्या घरात उद्याचं खात्रीनं सांगता येत नाही, तिथलं मूल हातातलं आत्ताच खातं. त्याला संयम नाही असं कसं म्हणायचं?

'मैत्री जोडा', 'क्षमा करा' असे उपक्रम असतील तर जास्त सावध राहा. दोन मुलांची मधल्या सुट्टीत मारामारी झाली तर हात मिळवायला लावणं ठीक. पण एकानं दुसऱ्याला जातीवरून हिणवलं असेल, तर दोघांना समोरासमोर बसवून 'आपापल्या भावना सांगा' म्हणू नका. ज्याला हिणवलं त्यालाच शांत व्हायला आणि माफ करायला शिकवणं हा अन्याय आहे. आधी मुख्याध्यापकांना सांगा, दोन्हीकडच्या पालकांना बोलवा, हिणवणाऱ्याला चूक स्पष्ट शब्दांत सांगा. दुखावलेल्या मुलाला राग आलाय तर येऊ द्या. तो राग बरोबर आहे.

भावनांना श्रेणी देऊ नका. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर समग्र प्रगतीपत्रकाची, म्हणजे गुणांबरोबर मुलाच्या भावना-वागण्याचीही नोंद घेणाऱ्या पत्रकाची चर्चा वाढली आहे आणि वर्णनात्मक नोंदी तर आपण आधीपासून लिहितोच. 'रागीट', 'एकलकोंडी' असे शब्द पुढच्या वर्गापर्यंत मुलाच्या मागे जातात. मी आता फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते: 'डिसेंबरमध्ये दोन आठवडे कोणाशी बोलली नाही, आई-वडील ऊसतोडीला.' आणि मुलानं विश्वासानं सांगितलेलं घरातलं काही असेल तर तेही नोंदीत घालत नाही. मात्र त्याच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसायचं नाही.

पालकांना आधी सांगा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, पण आमच्याकडे दिवाळीनंतर त्यांतले निम्मे गावात नसतात. म्हणून ही बैठक दसऱ्याआधी घ्या, पुस्तिका त्यांना वाचून दाखवा. एका बैठकीत एका आईनं विचारलं होतं, "पोरीला राग आवरायला शिकवताय, पण वसतिगृहात रात्री लाइट नसते ते कोण बघणार?" तिचा प्रश्न आम्ही इतिवृत्तात लिहिला आणि केंद्रप्रमुखांकडे पाठवला. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९मध्ये मूल भयमुक्त असावं असं म्हटलेलं आहे, तेही त्या पत्रात घातलं.

तक्ता मात्र काढून टाकू नका, मुलांना तो आवडतो. फक्त पांढऱ्या कागदाचा एक गोल कापून सातवा चेहरा म्हणून चिकटवा, डोळे-तोंड काही काढू नका. 'आज सांगायचं नाही' असं वाटलं तर बोट तिथे ठेवायचं. पहिलीच्या पोरांचा हात पोहोचेल इतका खाली लावा.